नांदेड, बोला!

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी मला जिन्याच्या पहिल्याच पायरीवर अडवलं.

"बोलती का तू?"

मला प्रश्नच कळला नाही. "बोलते म्हणजे?"

"म्हणजे बोलती का. याच्याआधी एक पोरगी ऱ्हायली वर्षभर. 'येते काकू', 'जाते काकू'. संपलं. डोक्यावर कोणीतरी हिंडून राहिलंय आणि तोंडातून शब्द न्हाई, म्हणजे भूतच की ते! मला वर बोलणारं माणूस पाहिजे."

मी लातूरजवळच्या मुरुडची. नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते आणि दिवसभर वर्गात बोलून घसा पार बसला होता. तरी खोली उजेडाची होती, शाळा जवळ होती. म्हणाले, "बोलते."

"मग रोज संध्याकाळी वर जायच्या आधी एक गोष्ट सांगायची मला. त्या दिवशी ऐकलेली. शिळी चालणार न्हाई."

मला वाटलं गंमत चाललीय. तिसऱ्याच दिवशी मी तापानं फणफणत घरी आले आणि तशीच जिना चढायला लागले, तर खालून हाक आली, "ए मुरुड! गोष्ट?"

"काकू, ताप आहे मला."

"किती?"

"एकशे एक."

"झाली गोष्ट. जा, पड. चहा घेऊन येते."

आणि खरंच, गुडघ्यावर हात देत, एका हातात कप सांभाळत त्या वर आल्या. माझं नाव त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते त्यांनी कधी वापरलं नाही. मी शेवटपर्यंत मुरुडच राहिले.

काकू टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. आताच्या पोरांना ते समजावून सांगावं लागतं. तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावाला बोलायचं म्हणजे आधी एक्स्चेंजला फोन करून कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. एक्स्चेंजमध्ये भिंतीएवढ्या बोर्डापुढं बायका बसलेल्या असायच्या. त्या हातानं एकेक दोरी उचलून भोकात खुपसायच्या, तेव्हा इकडचं माणूस तिकडच्या माणसाशी जोडलं जायचं. काकूंनी हे काम तीसेक वर्षं केलं. कानावर यंत्राची पट्टी चढवावी लागायची म्हणून त्या अंबाडा डोक्याच्या मधोमध न घालता जरा डाव्या अंगाला कलता घालायच्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी अंबाडा काही सरळ झाला नाही.

मोबाइल वाजला की त्या "हॅलो" म्हणायच्या नाहीत. पाठीचा कणा ताठ करून म्हणायच्या, "नांदेड, बोला!" समोरचा चुकून फोन लागलेला माणूस असला तर बिचारा गडबडून जायचा. आणि कोणाचाही फोन असो, तीन मिनिटांच्या वर त्या बोलायच्या नाहीत. ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं चालायचा, तो नेम अंगात मुरलेला. मुलगा लातूरहून फोन करायचा, काहीतरी सांगायच्या ऐन भरात असायचा, आणि काकू म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. ठेव." मी एकदा विचारलं, "काकू, आता फोन फुकट असतो. मुलाशी तरी पोटभर बोलावं ना." त्यावर म्हणाल्या, "पोटभर बोलायला समोर यावं लागतंय बाई. फोन हा बोलवायसाठी असतो, बोलायसाठी नसतो."

माणसं त्यांना नावानं आठवायचीच नाहीत, नंबरानं आठवायची. जुने तीन आकडी नंबर. "एकशे सत्तरची सून बाळंत झाली." "दोनशे आठ फार वाळलेत हो." गल्लीतल्या नव्या लोकांना हे कळायला महिने लागायचे. ज्याच्या घरी त्या काळी फोनच नव्हता, त्याला गावाचं नाव. म्हणून भाजीवाली देवणी, आणि मी मुरुड.

काकूंच्या घरी रोज सकाळी एक गृहस्थ यायचे. बशीरचाचा. त्याच खात्यातले निवृत्त लाइनमन. काकू तारा जोडायच्या त्या आतल्या, चाचा खांबावर चढून जोडायचे त्या बाहेरच्या. तेव्हापासूनची ओळख. ते त्यांना "मॅडम" म्हणायचे आणि काकू त्यांना "लाइनमन". चाचा सायकल भिंतीला टेकवून उर्दू पेपर उघडायचे, काकू मराठी पेपर उघडायच्या, आणि दोघं एकमेकांना आपापल्या पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायची. मग भांडण. कित्येक वर्षं चाललेलं एक भांडण तर मीच शंभरदा ऐकलं असेल. वादळात किनवटकडची लाइन पडली होती, ती किती दिवसांनी चालू झाली? चाचा म्हणायचे तीन. काकू म्हणायच्या पाच.

"मैं खुद चढ्या था खंबे पे, मॅडम!"

"तुम्ही खांबावर होते. बोर्डावर दिवा कधी लागला ते मला दिसत होतं!"

एवढं झालं की चहा व्हायचा.

दुपारी चार वाजता ओट्यावर दरबार भरायचा. गल्लीतली पाच-सात म्हातारी माणसं. दोन नियम होते. दुखण्याचं नाव काढायचं नाही, आणि सांगितलेली गोष्ट त्याच महिन्यात पुन्हा सांगायची नाही. कोणी गुडघ्याचं सुरू केलं की काकू त्याच्या हातातला कप खरोखर काढून घ्यायच्या. एखादा दिवस कोणी आलं नाही तर साडेचारला फोन. उचलला नाही तर काकू स्वतः चपला घालून त्याच्या दारात.

सोनटक्के मास्तर याच दरबारातले, पण ते सहजासहजी आले नाहीत. बायको गेल्यावर मास्तरांनी दार लावून घेतलं होतं. डबा यायचा, रिकामा जायचा, तेवढाच जगाशी संबंध. काकूंचे फोन उचलायचे नाहीत, दारात गेलं तर आतूनच "बरा आहे" म्हणायचे. एक दिवस काकू हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन गेल्या आणि दाराबाहेरून ओरडून म्हणाल्या, "मास्तर, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. नणंदेला पत्र लिहायचंय. ती फोनवर ऐकत न्हाई, बहिरी हाय. कोणाला सांगू?"

मास्तर आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. पत्राला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. दार उघडलं. काकू मजकूर सांगायच्या तो इतका अशुद्ध सांगायच्या की मास्तर चिडायचे. "अहो, असं लिहीत नाहीत!" "मग कसं लिहितात?" त्या नादात आठवड्याला एक, मग दोन, मग रोजचं एक पत्र. दोन महिन्यांनी काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या घरात अंधार लई. ओट्यावर येऊन लिहा ना." मास्तर ओट्यावर आले ते तिथलेच झाले.

मी एका रविवारी खाली उतरले तर काकू दाराच्या आडोशाला बसून सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्या फटक्यात ओवला.

"काकू! मोतीबिंदू?"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "मास्तर गेल्यावर शिवते मी. तू बघितलं न्हाईस."

अशा बाईचं काही चुकायला लागेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझं तिथलं चौथं वर्ष. एका संध्याकाळी मी गोष्ट सांगून वर गेले. वर्गातल्या एका मुलीनं बेडूक डब्यात घालून आणला होता, ती गोष्ट. काकू पोट धरून हसल्या. अर्ध्या तासानं जिन्यातून हाक, "ए मुरुड! आज गोष्ट बुडवलीस की!" मी वरून म्हणाले, "काकू, बेडकाची सांगितली ना." मग त्या म्हणाल्या, "हाव की. मी बघून राहिले, तुला आठवती का."

त्यानंतर मी बघायला लागले आणि दिसायला लागलं. चाचांनी विचारलं, "चारसौ बारा कौन थे, मॅडम?" तर काकूंनी विषय बदलला. चाचांनी पुन्हा विचारलं नाही. एकदा त्यांच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं लिहिलेले आकडे दिसले, आणि मी बघते आहे म्हटल्यावर त्यांनी पदर ओढून घेतला. पाठांतर न झालेल्या मुली परीक्षेला हातावर लिहून आणतात. मी अशा कितीतरी पकडल्या होत्या. काकूंना मी पकडू शकले नाही.

मग गॅसचा दिवस आला. शाळा अर्ध्यातच सुटली होती. मी बारा वाजता घरी आले. काकू ओट्यावर मास्तरांशी बोलत होत्या आणि आतून दूध जळल्याचा वास येत होता. मी धावत आत गेले. पातेलं बाहेरून करपलं होतं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटला होता. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, बाहेर आले.

"काकू, गॅस चालू होता."

"मी न्हाई पेटवला," काकू म्हणाल्या. अगदी शांतपणे, विश्वासानं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मुलाला फोन केला.

मुलगा भला माणूस. लातूरला शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन हजर. पातेलं बघून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. "आई, चल," म्हणाला. काकू म्हणाल्या, "आठ दिवस येते. जास्त न्हाई." चाचांना म्हणाल्या, "लाइनमन, पेपर जपून ठेवा." पिशवीत दोन लुगडी घेऊन गेल्या. दारात आम्ही सगळे उभे होतो.

गाडी गेल्यावर चाचा मला म्हणाले, "फोन तुमने किया था ना बेटा?"

"हो चाचा."

"अच्छा किया. गॅस का मामला है." बराच वेळ ते सायकलची घंटी उगाचच पुसत राहिले. मग म्हणाले, "फिर भी…"

पुढचं वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते पाच महिने ऐकू येत होतं.

पहिले काही दिवस काकूंचा फोन यायचा. मग त्या एकाच माणसाला दिवसातून दहा-दहा फोन करायला लागल्या, तेव्हा मुलानं मोबाइल काढून घेतला. ओटा चारला भरायचा, पण नुसताच. पहिल्या आठवड्यात कोणीतरी गुडघ्याचं सुरू केलं. कप काढून घ्यायला कोणी नव्हतं. महिन्याभरात सगळे दुखण्यावरच बोलायला लागले, आणि मग येईनासे झाले.

दिवाळीच्या सुट्टीत मुरुडला जाताना मी लातूरला उतरले. मुलाचा पत्ता घेऊन ठेवला होता. दुसरा मजला. दारावर कागद चिकटवलेला, "अभ्यास सुरू आहे. बेल वाजवू नये." मी हळूच टकटक केली. सून बाहेर आली, ओठावर बोट ठेवूनच. नात बारावीला होती, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी चालली होती. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ती आतल्या खोलीत. टीव्हीवर कापड टाकलेलं. कुकरची शिट्टीसुद्धा मुलगी क्लासला गेल्यावरच. सून कुजबुजत बोलत होती, मीही कुजबुजायला लागले. लातुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यात जगावेगळं काही नव्हतं. एका लेकराच्या वर्षासाठी सगळं घर श्वास धरून बसलेलं.

काकू बाल्कनीत खुर्चीवर होत्या. लुगडं स्वच्छ, केसाला तेल. नीट सांभाळलेलं होतं त्यांना, यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त अंबाडा डोक्याच्या बरोबर मधोमध होता. दुसऱ्या कोणीतरी घातलेला.

"काकू, मी मुरुड."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुरुडला कोण पाहिजे?"

"मी मुरुड, काकू. वरच्या खोलीतली."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत परीक्षा चालू हाय."

एवढंच. मी तासभर बसले. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. हात मांडीवर होते आणि उजव्या हाताची बोटं मधूनच काहीतरी उचलून कुठंतरी खुपसत होती.

खाली सोडायला मुलगा आला. मी म्हणाले, "सर, मी तेव्हा फोन करायला नको होता."

"तुम्ही फोन केला नसता तर आई घरासकट जळाली असती," तो म्हणाला. "मलाही कळतंय हो. इथं ती वाळत चाललीय. पण मी बारा तास बाहेर, हिची नोकरी, पोरीचं वर्ष. कुठं ठेवू आईला? सांगा तुम्ही."

मी मुरुडची गाडी धरली.

सुट्टी संपवून नांदेडला आले तेव्हा चाचांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "लातूरची गाडी किती वाजता सुटती?"

चाचांचे गुडघे पार गेले होते. सायकलही हल्ली सुटली होती. पण रविवारी सकाळी एसटी स्टँडवर ते माझ्या आधी येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा, हातात सुनेनं दिलेला डबा. लातूरला ते दोन जिने त्यांनी कसे चढले ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येक वळणावर पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, "खंबे पे चढ्या था मैं. इससे क्या डरूं!"

"मॅडम, पहचाने?"

काकूंच्या चेहऱ्यावर काही नाही.

चाचा समोर स्टुलावर बसले. आणि बोलायला लागले. खांबावरून खाली ओरडून बोलायची सवय असलेला तो आवाज. त्या घरात तो फुटाण्यासारखा उडाला. सून धावत आली, "चाचा, जरा हळू…" चाचांना कमी ऐकू यायचं. ते बोलतच राहिले. खात्यातली माणसं, साहेब, पाऊस, तारा. काकू बाल्कनीबाहेर बघत होत्या. मी घड्याळाकडे.

"…और वो किनवट की लाइन, मॅडम! लोगां कितने परेशान. तीन दिन में चालू कर दिया मैंने. पूरे तीन दिन!"

"पाच."

मला वाटलं, भास झाला. चाचा थांबले. "क्या बोले?"

"पाच दिवस." काकूंचा आवाज खरखरीत, न वापरलेल्या दारासारखा. "तिसऱ्या दिवशी तुम्हाला मधमाश्यांनी फोडून काढलं. दोन दिवस दवाखान्यात पडले होते तुम्ही. तोंड हे एवढं सुजलेलं. पाच."

"तीन!"

"पाच! लाइनमन, माझ्यासंगं हुज्जत घालू नका. बोर्डावर मी होते!"

आतल्या खोलीचं दार उघडलं. नात बाहेर आली, हातात पेन, डोळ्यांखाली काळं. सून घाईनं म्हणाली, "झालं झालं, बेटा, आता गप्प बसतात सगळे." मुलगी आईकडे बघतच नव्हती.

"आजी बोलली?" तिनं विचारलं.

मग ती फरशीवर बसली, चाचांच्या स्टुलाशेजारी. आणि म्हणाली, "मधमाश्या कुठून आल्या?"

परतीच्या गाडीत मी चाचांना म्हणाले, "चाचा, कमाल केलीत. मुद्दाम चुकीचं सांगितलं ना, त्या चिडाव्यात म्हणून?"

चाचांनी माझ्याकडे नाराजीनं बघितलं. "मुद्दाम कशाचं? तीनच दिवस व्हते. मॅडम चुकून राहिल्या."

पंधरा दिवसांनी मुलगा काकूंना घेऊन नांदेडला आला. येण्याआधी त्यानं त्यांना डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आजार मागं फिरणार नाही, तशी आशा धरू नका. पण माणसांत राहिल्या, बोलत राहिल्या, तर जे शिल्लक आहे ते जास्त दिवस साथ देईल. मुलानं शेगडी उचलून लातूरला नेली, दिवसभर सोबतीला एक मावशी ठेवल्या, आणि आम्हा सगळ्यांना ओट्यावर बसवून हात जोडले. सोनटक्के मास्तरांनी ताबडतोब वहीत रेघा मारून वेळापत्रक केलं. सकाळ चाचांची, दुपार मास्तरांची, चार वाजता सगळे, संध्याकाळ माझी. रविवार मुलाचा. त्यानं तो एकदाही चुकवला नाही.

काकू बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. अंगावर थोडं मांस आलं, आवाज आला, अंबाडा त्यांनी आपल्या हातानं पुन्हा डावीकडे नेला. काही नंबर परत आले, काही गेले ते गेलेच. एका दुपारी त्या पर्स काखेत घेऊन निघाल्या, "ड्युटी हाय" म्हणून. मावशी अडवायला गेल्या तर काकू ओरबाडायला धावल्या. मास्तरांनी मावशींना बाजूला केलं, टोपी घातली आणि म्हणाले, "चला, मलाही तिकडंच जायचंय." दोघं भर उन्हात हळूहळू चालत एक्स्चेंजच्या जुन्या जागेपर्यंत गेली. तिथं मास्तर आत डोकावून आल्यासारखं करून म्हणाले, "तुमची पाळी बदलली म्हणे. उद्या सकाळची आहे." काकूंना ते पटलं. येताना दोघं उसाचा रस प्यायली. ज्या माणसाला आपलं दार उघडणं जड झालं होतं, तो त्या उन्हाळ्यात असा चार वेळा एक्स्चेंजला जाऊन आला.

वाईट दिवसही आले. एकदा त्यांनी चाचांना ओळखलं नाही आणि "हा कोण पुरुष घरात?" म्हणून आरडाओरड केली. चाचा उठून ओट्यावर जाऊन बसले. पेपर तिथूनच मोठ्यानं वाचायला लागले. पाऊण तासानं आतून आवाज आला, "काय म्हणून राहिले? नीट वाचा!"

अशी दोन वर्षं गेली. काकू गेल्या त्यालाही आता दीड वर्ष झालं. झोपेतून उठल्या नाहीत, सकाळी चाचा पेपर घेऊन आले तेव्हा कळलं. पण त्यांची आठवण निघाली की मला ते आठवत नाही. मला त्यांच्या नातीचा तो महिना आठवतो.

त्या पहिल्या उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा ती नांदेडला आली. आजीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तू कोणाची गं?" पोरगी हसून म्हणाली, "तुमचीच," आणि जिन्यावर येऊन माझ्या शेजारी बसून ढसाढसा रडली.

"मॅडम, माझ्यासाठी घर गप्प होतं. माझ्यामुळं झालं हे."

"तुझ्यामुळं नाही," मी म्हणाले. "आणि तसं बघितलं तर फोन मी केला होता."

आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता बसलो. त्या जिन्यावर गप्प बसल्याची माझी ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी तिनं आजीला पुन्हा नाव सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभर ती रोज नव्यानं ओळख करून देत राहिली आणि रोज दोघींची नव्यानं मैत्री होत राहिली. शेंगा सोलायच्या, चाचांचं भांडण ऐकायचं, चार वाजता वर माझ्या खोलीत चहा करून कप वाटायचे. आजी तिला खात्यातल्या गोष्टी सांगायच्या, ती मेंदूचे भाग कोणते ते आजीला सांगायची. "हे सगळं माझ्या डोक्यात हाय?" काकू आश्चर्यानं विचारायच्या. "मग मला कामून सापडून न्हाई राहिलं?"

लातूरला परत जायच्या दिवशी तिची पिशवी दारात ठेवलेली होती. मुलगा गाडी वळवत होता. ती ओट्यावर आजीपुढं उकिडवी बसली. मला वाटलं, आता नको विचारू. पण विचारलंच तिनं.

"आजी, मी कोण?"

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. चाचांनी पेपर खाली केला. मास्तरांनी पेन थांबवलं. नाव सुचवायला कोणीतरी तोंड उघडलं, तर मास्तरांनी हातानंच नको म्हटलं.

"नाव विचारू नको बाई," शेवटी काकू म्हणाल्या. "नाव न्हाई येत मला."

पोरगी मान हलवत हसायचा प्रयत्न करत होती. काकूंनी तिची हनुवटी धरून वर केली.

"पर तू आलीस की बरं वाटतंय. तेवढं हाय माझ्या ध्यानात."

आणि सरकून त्यांनी ओट्यावर तिच्यासाठी जागा केली.